पोच आणि होकार

"आलं ना लक्षात?" "हो." एवढ्यावर आपण केवढी कामं सोडून देतो! आपला 'हो' दोन अर्थांनी येतो. तुमचं बोलणं कानावर पडलं, यालाही 'हो' आणि मी ते करतो, यालाही 'हो'. पहिली पोच, दुसरा होकार.

खेळात रमलेल्या मुलाला "नळ बंद कर" म्हटलं की आतून लगेच "हो" येतं. दहा मिनिटांनी पाणी वाहतंच आहे. मूल खोटं बोललेलं नसतं. त्याने पोच दिली होती, आपण तिला होकार समजलो.

ऑफिसात हेच 'नोटेड' म्हणून येतं, किंवा ग्रुपवरच्या अंगठ्यातून. साहेबांना वाटतं काम सुरू झालं; समोरच्याला वाटतं, माहितीसाठी पाठवलंय. व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या खुणा तर याहून कमी सांगतात. मेसेज उघडला गेला, बस.

रेडिओवर बोलणाऱ्यांनी यासाठी दोन वेगळे शब्दच ठेवले आहेत. 'रॉजर' म्हणजे तुमचा निरोप पूर्ण मिळाला. 'विल्को' म्हणजे समजलं आणि तसंच करतो. हा फरक किती मोलाचा आहे, ते 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दिसलं. दाट धुकं होतं, एकाच धावपट्टीवर दोन बोइंग 747. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून "वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ" असं कळवलं गेलं. विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे, असा अर्थ घेऊन टॉवर, म्हणजे विमानतळाचा नियंत्रण कक्ष, "ओके" म्हणाला. प्रत्यक्षात विमान परवानगीविना धावू लागलं होतं. पाठोपाठ टॉवरने थांबायला सांगितलं, पण त्याच क्षणी दुसरं विमानही बोलल्यामुळे ते शब्द नीट पोचलेच नाहीत. टक्कर होऊन 583 माणसं गेली. कारणं इतरही होती, पण त्यानंतर हवाई संभाषणाची शब्दावली कडक झाली. 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि अशी परवानगी वैमानिकाने परत म्हणून दाखवायची.

मला पोच कमी दर्जाची वाटत नाही. "वाचलं, संध्याकाळी बघून सांगते" ही उत्तम पोच आहे. वाट पाहणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. होकारात मात्र काम आणि वेळ दोन्ही हवं: "आकडे तपासून उद्या दुपारपर्यंत पाठवतो."

विचारणाऱ्याचीही जबाबदारी आहेच. "समजलं ना?" याला वरिष्ठांसमोर 'नाही' म्हणायला धाडस लागतं. त्यापेक्षा "तू आधी काय करणार आहेस?" असं विचारलं, की उत्तरात एक तर काम ऐकू येतं, नाही तर अडचण. आणि मीटिंगच्या शेवटी कोणीच काही बोललं नाही, तर ती संमती समजू नका. ती धड पोचसुद्धा नसते. कदाचित दोघांना आवाजच आला नसेल.