इंग्रजी शाळा मुंबई इलाख्यात कशा रुजल्या?

इंग्रजी शिक्षणाचा विषय निघाला की सगळे खापर कंपनी सरकारच्या कौन्सिलातल्या मेकॉलेच्या माथी फुटते. इंग्रजीतून शिक्षण द्यावे असे सांगणारे त्याचे फेब्रुवारी १८३५ चे टिपण आणि त्यावर गव्हर्नर जनरल बेंटिंकने मार्चमध्ये केलेला ठराव महत्त्वाचे खरेच. पण मुंबई इलाख्यातली गोष्ट वेगळी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही.

इथे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा कल देशी भाषांकडे होता, तर त्यांच्याच कौन्सिलातले फ्रान्सिस वॉर्डन इंग्रजीच्या बाजूचे. १८२० च्या दशकात मराठीत गणिताची, व्याकरणाची पाठ्यपुस्तके छापली जात होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस त्या कामात पुढे होते. वाद खरा पेटला तो १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन, म्हणजे इलाख्यातल्या शिक्षणाचा कारभार पाहणारे सरकारी मंडळ, आल्यानंतर. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे होते की पैसा थोडा आहे, तेव्हा तो मोजक्यांच्या इंग्रजी शिक्षणावर घालावा. नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे एतद्देशीय सभासद विरोधात उभे राहिले. सामान्य रयतेपर्यंत ज्ञान जाईल ते तिच्याच भाषेतून, असा नानांचा आग्रह. आणि हे नाना एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीतही होते. म्हणजे इंग्रजीचे वैरी मुळीच नव्हेत.

माझ्या मते निकाल लावला तो या वादांनी नव्हे, नोकरीने. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी जागांसाठी इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यायचे ठरवले. १८५४ मध्ये लंडनहून आलेल्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने खालच्या वर्गांत देशी भाषा आणि वर इंग्रजी अशी उतरंड मांडली, आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्यावर मॅट्रिक हेच शाळांचे ध्येय झाले. १८८० मध्ये चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात स्वतःची शाळा काढली, तीही ‘न्यू इंग्लिश स्कूल’.

या उतरंडीवर नेमके बोट ठेवले जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी सांगितले की सरकारी महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांचा रोख इंग्रजीवर नव्हता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. ती मात्र सरकारने मनावर घेतली नाही.