सत्कृत्यं ‘आवश्यक’ आहेत का? कृपा आणि सेवेच्या नात्यामागचा वाद

ख्रिस्ती धर्मात तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं आणि सेवा म्हणजे त्याबद्दलची कृतज्ञता, हे आता इतकं सर्रास बोललं जातं की याच मुद्द्यावरून एकाच शिकवणीची माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली होती हे खरं वाटत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं 8वं आणि 9वं वचन बहुतेकांना तोंडपाठ असतं, 10वं मात्र घाईत राहून जातं, आणि सगळी गुंतागुंत तर त्या 10व्यातच आहे: तारण कृत्यांनी नाही, पण आपण घडवले गेलोय ते सत्कृत्यांसाठीच. मूळ ग्रीकमध्ये कृपेसाठी जो ‘खारिस’ शब्द आहे तोच आभारासाठीही चालतो, म्हणजे देणं आणि आभार दोन्ही पहिल्यापासून एकाच शब्दात नांदत होते.

1517चं विटेनबर्ग, म्हणजे जर्मनीतल्या त्या गावातून मार्टिन ल्यूथरनं सुरू केलेली धर्मसुधारणा, बहुतेकांना माहीत आहे, ते परत सांगत बसत नाही. माझ्या मते खरं वळण 1520 सालचं. त्या वर्षी तिथल्याच त्या साधू-प्रोफेसरनं, म्हणजे ल्यूथरनं, ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटं लिखाण काढलं आणि दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, की ख्रिस्ती माणूस कुणाचाच ताबेदार नाही आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक आहे. चांगल्या झाडाला चांगलं फळ येतं, फळामुळे झाड चांगलं होत नाही, हा दाखलाही त्यानं तिथे लावला. पुण्याचा हिशोब संपला की सेवेचं तोंड स्वतःकडून शेजाऱ्याकडे वळतं, हे इतकं स्वच्छ त्याआधी क्वचितच कुणी मांडलं असेल.

पण मग 1530च्या ऑग्जबर्ग कबुलीनाम्यात, म्हणजे ल्यूथरच्या बाजूनं मांडलेल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, सहावं कलम आलं: विश्वासाला चांगली फळं आलीच पाहिजेत, देवानं सांगितलेली सत्कृत्यं केलीच पाहिजेत, फक्त त्यांच्या जोरावर देवापुढे नीतिमान ठरू असं धरून चालायचं नाही. आता हे ‘पाहिजेत’ नेमकं कशासाठी? इथेच पुढच्या भांडणाचं बी पडलं.

1552च्या सुमारास विटेनबर्गच्याच एका प्रोफेसरनं उघड मांडलं की तारणासाठी सत्कृत्यं आवश्यक आहेत. त्याला काही जुनी पुण्याची व्यवस्था परत आणायची नव्हती, लोक कृपेच्या नावाखाली ढिले पडतायत ही त्याची काळजी होती आणि ती खोटी नव्हती. पण वेळ वाईट होती, चारच वर्षांपूर्वी, 1548मध्ये, कॅथलिक सम्राटानं युद्ध जिंकून ल्यूथरच्या अनुयायांवर धार्मिक तडजोड लादलेली, त्यामुळे असं कुठलंही वाक्य ऐकलं की लोकांना फितुरीचा वास यायचा. उत्तरादाखल दुसऱ्या टोकाला 1559मध्ये एका म्हाताऱ्या धर्मपुढाऱ्यानं लिहून टाकलं की सत्कृत्यं तारणाला हानिकारक आहेत! त्याला म्हणायचं होतं की त्यांच्यावर भरवसा ठेवणं हानिकारक आहे, पण वाक्य तसंच राहिलं आणि साध्या विश्वासणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं? आधीच्या प्रोफेसरनं पुढे ते शब्द वापरणं सोडायची तयारीही दाखवली, तोवर व्हायचा तो गोंधळ झाला होता.

निकाल लागला 1577मध्ये, ‘एकमताचं सूत्र’ या ल्यूथरपंथीयांच्या समझोत्याच्या चौथ्या कलमात, आणि दोन्ही वाक्यं बाद झाली. ‘आवश्यक’ हा शब्द मात्र ठेवला. सत्कृत्यं आवश्यक आहेत कारण ती देवाची इच्छा आहे, पण ‘तारणासाठी’ हे शेपूट जोडायचं नाही, आणि आवश्यक म्हणजे जबरदस्ती नव्हे, पवित्र आत्म्यानं नवं केलेलं माणूस ती आपखुशीनं करतं. काहींना हा शब्दांचा खेळ वाटतो, मला नाही वाटत, कारण त्या एका शेपटावर सेवा करणाऱ्याची रात्रीची झोप अवलंबून असते. आज पुरेसं केलं का, हा प्रश्न घेऊन झोपायचं की नाही, याचा निकाल तिथे लागला.

कृतज्ञतेचा धागा मात्र सगळ्यात सुंदर विणला गेला तो 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे रिफॉर्म्ड या दुसऱ्या प्रॉटेस्टंट परंपरेच्या, प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या पुस्तकात. 129 प्रश्न, भाग तीन: दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. ल्यूथरच्या 1529च्या छोट्या प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा अगदी सुरुवातीला येतात, इथे त्या तिसऱ्या भागात, सुटका झाल्यानंतर येतात. तीच आज्ञा, जागा बदलली की आवाज बदलतो. प्रश्न 86 विचारतो की आमच्या पुण्याशिवाय सुटका झाली तर मग सत्कृत्यं का करायची, आणि उत्तरात आभार आहेत, विश्वासाची खात्री आहे आणि शेजारी ख्रिस्ताकडे वळावा हेही आहे. प्रार्थनेला तर 116मध्ये कृतज्ञतेचा मुख्य भाग म्हटलंय.

पुढच्या काळात ही शिकवण पुस्तकातून रस्त्यावर आली. 1732मध्ये जर्मनीतल्या हर्नहूट या ख्रिस्ती वसाहतीतून एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे गेले, 1836मध्ये जर्मनीतल्याच कायझर्सवर्थला सेविकांचं घर उघडलं जिथून आजाऱ्यांच्या सेवेला बायका तयार होऊन बाहेर पडल्या, 1848मध्ये विटेनबर्गच्याच सभेत एका माणसानं ठासून सांगितलं की मंडळीला, म्हणजे चर्चला, विश्वासाइतकंच प्रेमाचं कामही आपलं मानावं लागेल. 1937मध्ये एका जर्मन पाळकानं ‘स्वस्त कृपा’, म्हणजे आयुष्य न बदलता नुसती घेतलेली कृपा, हा शब्द दिला आणि ढिलेपणाची ती 1552ची काळजी परत समोर आली. उलट बाजूनं 1995मध्ये अमेरिकेतल्या एका पाळकानं इशारा दिला की कृतज्ञतेचंही कर्ज होऊ शकतं, म्हणजे उपकार फेडायचे, उतराई व्हायचं, हप्ते भरत राहायचं. हा इशारा मला फार पटतो. उतराई व्हायला निघालेल्या माणसाला कृपा शेवटी देणेकऱ्याची वहीच वाटू लागते.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं मात्र 13 जानेवारी 1547 रोजी सत्कृत्यांना नुसतं फळ म्हणायला नकार दिला होता, सत्कृत्यांनी नीतिमत्त्व वाढतंही असं म्हटलं होतं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्जबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय अशा दोन्ही बाजूंनी एकत्र सही केली की आपल्या कुठल्याही पुण्यामुळे नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी बोलावतो. 2017मध्ये विटेनबर्गला रिफॉर्म्ड ही आणखी एक मोठी परंपरा त्यात सामील झाली. तरी त्याच मजकुरात ‘पुण्य’ या शब्दावर दोन वेगळे परिच्छेद आहेत: कॅथलिक बाजूला देवानं वचन दिलेलं बक्षीस म्हणून तो शब्द हवाय, ल्यूथरपंथीय बाजू सत्कृत्यांना फक्त फळ आणि खूण म्हणते.