तंतूंमधली छिद्रं, पण ‘मधली’ म्हणजे कुठली?

‘तंतूंमधली छिद्रं’ असं मराठीत म्हटलं की दोन अर्थ निघतात. दोन तंतूंच्या मधे राहिलेली फट, किंवा एकाच तंतूच्या अंगात पडलेलं छिद्र. जखमेवरची पट्टी असो, त्वचा वाढवायचा सांगाडा असो की डायलिसिसची गाळणी, सगळ्यांना ‘सच्छिद्र पॉलिमर तंतू’ हे एकच नाव लागतं. पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

कुरडई डोळ्यांसमोर आणा. वाळलेल्या कुरडईत तार भरीव असते, मोकळी जागा असते ती तारांच्या मधे. तीच तेलात पडली की फुलते, आणि मोडून पाहिली तर तारेच्या अंगातच पोकळ्या दिसतात.

वाळल्या कुरडईसारखं कापड बहुधा इलेक्ट्रोस्पिनिंगने करतात. सिरिंजच्या सुईला दहा-वीस हजार व्होल्ट दिले की पॉलिमरच्या द्रावणाची धार केसाहून कितीतरी बारीक ओढली जाते आणि समोरच्या पत्र्यावर साचते. अशा कापडात ८० टक्के जागा मोकळी निघू शकते. आकडा ऐकून वाटतं, पेशी सहज आत शिरतील. तसं होत नाही. पेशी १०-२० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तंतू फारच बारीक असले तर फटी जेमतेम काही मायक्रॉनच्या. पेशी वरच पसरतात, आतलं कापड रिकामं राहतं. मग पाण्यात विरघळणारे तंतू सोबत विणून नंतर धुऊन टाकतात, म्हणजे फटी रुंदावतात. तंतूला कितीही बारीक छिद्रं पाडली तरी या अडचणीत उपयोग नाही. त्याने पृष्ठभाग वाढतो आणि औषध जास्त मावतं, पण ताकद घटते.

अंगात छिद्रं असलेल्या तंतूचं सगळ्यात मोठं काम मी मामांच्या उशाशी बसून पाहिलं. डायलिसिस चार तास चालायचं. डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या भागाच्या, पारदर्शक नळीत पांढऱ्या तंतूंचा जुडगा असतो, आणि रक्त सुरू झालं की तो बघता बघता लाल होतो. असे सुमारे दहा हजार तंतू, प्रत्येक आतून पोकळ. मधली पोकळी साधारण २०० मायक्रॉनची, पण ती छिद्र नव्हे, ती रक्ताची वाट. खरी छिद्रं तंतूच्या भिंतीत, काही नॅनोमीटरची, म्हणजे मायक्रॉनच्याही काही हजाराव्या भागांची. ६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) युरिया हा टाकाऊ पदार्थ त्यातून निघून जातो, ६६ हजार डाल्टनच्या आसपासचं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आत राहतं. इथे तंतूंच्या मधल्या फटींतून फक्त युरिया वाहून नेणारं डायलिसिसचं द्रावण वाहतं. गाळण्याचं काम भिंतच करते, आणि मामांचा जीव त्या भिंतीवर होता.

घोळ वाढतो तो इलेक्ट्रोस्पिनिंगच्या एकाच यंत्रातून दोन्ही प्रकार निघू शकतात म्हणून. पुण्यात तर हवाच ठरवते. पॉलिलॅक्टिक आम्ल हा पॉलिमर डायक्लोरोमिथेन या झटकन उडणाऱ्या द्रावकात विरघळवून एप्रिलच्या कोरड्या दुपारी तंतू काढले तर ते बऱ्यापैकी गुळगुळीत येतात. जुलैत तेच द्रावण, तीच सुई, आणि तंतूंवर देवीच्या वणांसारखे खड्डे. द्रावक झपाट्याने उडतो, तंतूचा पृष्ठभाग गार पडतो, आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसे त्यावर दमट हवेतले थेंब बसतात. पॉलिमर त्यांच्याभोवती वाळतो. थेंब उडून जातो, खड्डा राहतो. म्हणून प्रयोगाच्या वहीत तापमानाशेजारी आर्द्रता लिहाच, असं मी प्रत्येकाला सांगते.

कापडाचं वजन आणि जाडी मोजून येणारा मोकळ्या जागेचा टक्का तंतूंमधल्या फटी आणि तंतूच्या अंगातली छिद्रं या दोन जागा वेगळ्या काढत नाही. त्यासाठी तंतूची मोडलेली कड बघावी लागते. परवा एका विद्यार्थिनीने पावसाळी कापडाचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वरून खड्डेच खड्डे, आत तंतू पूर्ण भरीव. तिने अहवालातला ‘सच्छिद्र तंतू’ खोडून ‘खड्डेदार पृष्ठभागाचे तंतू’ असं लिहिलं.