टेप मेली नाही, फुगली आहे

जुलैत एका ओळखीच्या कार्यालयातून फोन आला. चार वर्षांपूर्वीची एक फाइल बॅकअपच्या चुंबकीय टेपवरून परत मिळवायची होती आणि ड्राइव्ह वाचता वाचता मध्येच एरर देऊन थांबत होता. ‘टेप गेली’ असा निकाल तिथे लागलाच होता. चौकशी केली तेव्हा कळलं, टेप दुसऱ्या इमारतीतल्या साध्या कपाटात होती. भर पावसात आणून ती तशीच एसीच्या खोलीतल्या ड्राइव्हमध्ये घातली होती. मी म्हटलं, आता पुन्हा पुन्हा लावून बघू नका. बाहेर काढा आणि उद्यापर्यंत त्याच खोलीत नुसती ठेवा.

टेप म्हणजे जुनाट वस्तू, हा समज आधी सोडायला हवा. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या मेल दिसेनाशा झाल्या. डेटाच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंतही पोचला. गूगलने मेल परत आणल्या त्या टेपवरून, कारण टेपा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ‘क्लाउडवर आहे, चिंता नको’ असं सांगणारे विक्रेते हे सांगत नाहीत.

आता माझा आवडता भाग. एलटीओ-८ (बॅकअपच्या टेपचा एक प्रचलित प्रकार) टेप अर्धा इंच रुंद, ९६० मीटर लांब; तेवढ्या रुंदीत डेटाचे ६६५६ ट्रॅक, म्हणजे समांतर ओळी. एका ट्रॅकच्या वाट्याला दोन मायक्रॉनही येत नाहीत. टेप सेकंदाला काही मीटर वेगाने धावते, धावताना वरखाली हलते, तरी ड्राइव्हमधलं वाचणारं हेड ट्रॅक सोडत नाही. कसं?

कारखान्यातच टेपवर पाच सर्व्हो पट्ट्या, म्हणजे हेडला जागा दाखवणाऱ्या खुणांच्या पट्ट्या, लिहिलेल्या असतात. त्यांत कौलारू छपराच्या दोन उतारांसारख्या तिरक्या रेघांच्या जोड्या असतात. हेड छपराच्या आढ्याजवळ असेल तर दोन रेघा लागोपाठ भेटतात, वळचणीकडे सरकलं तर उशिराने. म्हणजे टेपच्या रुंदीतली जागा हेड घड्याळावर मोजतं! वेग कमीजास्त झाला तर? एकाच दिशेला झुकलेल्या दोन रेघांमधलं अंतर ठरलेलं असतं; तो वेळही मोजून गुणोत्तर काढलं की वेग गणितातून निघून जातो. (चुंबकाने टेप ‘कोरी’ करू नये ती यासाठीच. या रेघाही पुसल्या जातात आणि ड्राइव्हला त्या पुन्हा लिहिता येत नाहीत.)

पण टेप प्लास्टिकची. दमट हवेत ती किंचित रुंदावते. हेड एका वेळी साधारण तीन मिलिमीटरच्या पट्ट्यातले ३२ ट्रॅक वाचतं. रुंदी दहा हजारांत दोन भागांनी वाढली, तर त्या पट्ट्यात ०.६ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे ट्रॅकचा एक तृतीयांश. मधले ट्रॅक जुळवले की कडेचे सुटतात. हेड सरकवता येतं, ताणता येत नाही. म्हणून टेप दिवसभर खोलीच्या हवेत मुरू द्यायची.

त्याच कार्यालयात खंडेनवमीला ड्राइव्हवर हळदकुंकू वाहतात, तेही बंद करायला सांगितलं. ट्रॅकपेक्षा कितीतरी मोठा तो कण आत गेला, तर हेड आणि टेप दोन्ही खरवडतो. झेंडूचा हार दाराला पुरे.

दुसऱ्या दिवशी टेप सलग वाचली गेली. मात्र कोणती फाइल टेपवर कुठे आहे, हे सांगणारा कॅटलॉग जुन्या सर्व्हरबरोबर भंगारात गेला होता. त्यामुळे अख्खी टेप चाळावी लागली. १२ टेराबाइट, सेकंदाला ३६० मेगाबाइट, म्हणजे पूर्ण वेगानेही सव्वानऊ तास. फाइल रात्री उशिरा हाती आली.