‘विंडो’तला डोळा

‘विंडो’ हा जोडशब्द आहे. त्यातला ‘विंड’ म्हणजे वारा, हे पटकन कळतं. पण मागे उरलेल्या ‘ओ’चं काय? तो इंग्रजांनाही उमगेना, म्हणून 17 व्या शतकात ‘विंडोर’ असं रूपही लिहिलं जाई : वाऱ्याचं ‘डोअर’. ही फोड चुकीची आहे. आजच्या उच्चारावरून शब्द फोडला की नेमकी अशीच फसगत होते. आधी जुनं रूप गाठायला हवं.

ते आहे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंग लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतलं ‘विंदाउगा’. ‘विंदर’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. खिडकीला काच नव्हती तेव्हाचा हा शब्द. धूर बाहेर जावा, उजेड आत यावा म्हणून ठेवलेल्या उघड्या झरोक्याचं हे नाव. व्हायकिंग लोक 9 व्या शतकापासून इंग्लंडात वस्ती करू लागले आणि त्यांचे कितीतरी शब्द इंग्रजीत रुजले. 13 व्या शतकात हा शब्द इंग्रजीत ‘विंडोगे’ असा दिसतो. उच्चाराचा आघात पहिल्या पदावर, त्यामुळे दुसरं पद झिजत गेलं. दोन स्वरांमधला ‘ग’ सैल होऊन त्याचा ‘व’ झाला, मग तोही स्वरात विरला. धनुष्याला जुन्या इंग्रजीत ‘बोगा’ म्हणत, त्याचं ‘बो’ झालं ते याच वाटेने. आपल्याकडे ‘कुंभकार’मधला ‘क’ असाच गळून ‘कुंभार’ उरला.

जुन्या इंग्रजीचा स्वतःचा शब्दही डोळ्याचाच होता : ‘एआगथ्युरेल’, म्हणजे डोळा-भोक. तो गेला, पण त्यातलं ‘थ्युरेल’ नाकपुडीच्या ‘नॉस्ट्रिल’मध्ये अजून आहे : नाकाचं भोक. जर्मनने मात्र लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून ‘फेन्स्टर’ घेतला. इंग्रजीतही ‘फेनेस्टर’ 16 व्या शतकापर्यंत ‘विंडो’च्या जोडीने नांदत होता.

मराठी वाचकाला खरी मौज इथे आहे. ‘विंडो’ची दोन्ही पदं संस्कृतच्या नात्यातली : ‘विंड’ आणि ‘वात’ एका मुळाचे, ‘आउगा’ आणि ‘अक्षि’ही एका मुळाचे. संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ म्हणतात, वाऱ्याची वाट. आणि ‘गवाक्ष’ही म्हणतात, बैलाचा डोळा. कार्ले-भाजे लेण्यांच्या दर्शनी भागावरची ती नालाकृती कमान, चैत्यगवाक्ष, त्याच नावाची. म्हणून ‘गवाक्ष’वरून ‘विंडो’ आला असं मात्र समजू नये. मुळं समाईक, पण जोड ज्याने त्याने आपापली घातली. रशियनमध्येही खिडकी म्हणजे ‘अक्नो’, आणि तो शब्द डोळ्याच्या जुन्या ‘ओको’वरूनच घडलेला आहे.