जनरल लूनाच्या खुनाआधी काय काय घडलं होतं

५ जून १८९९, फिलिपिन्समधलं कबानातुआन. अमेरिकन फौजेशी लढणाऱ्या फिलिपिनो सैन्याचा सेनापती जनरल अंतोनियो लूना याला तिथे आपल्याच सैनिकांनी गोळ्या घालून, कोयत्याने वार करून मारलं, वाचवायला धावलेला त्याचा कर्नलही गेला. फिलिपिन्समधून स्पेनची सत्ता गेली आणि अमेरिका ताबा घ्यायला आली तो भाग सगळ्यांना माहिती आहे म्हणून थेट फेब्रुवारी १८९९ वर येतो, कारण खरी गाठ तिथे आहे.

मनिलाजवळच्या कालोओकानच्या लढाईत लूनाने हल्ल्याचा हुकूम दिला तर कावितच्या तुकडीने सरळ नकार दिला, आम्ही फक्त राष्ट्राध्यक्षांचं ऐकतो म्हणे. कावित हे राष्ट्राध्यक्ष आगिनाल्दोंचं गाव. लूनाने त्यांची हत्यारं काढून घेतली, जे कुठल्याही सेनापतीने केलंच असतं, पण आगिनाल्दोंनी पुढे त्याच लोकांना परत सैन्यात घेतलं! माझ्या मते सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच. कारण जूनमध्ये लूनाला तार करून कबानातुआनला बोलावलं गेलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष तिथे नव्हतेच आणि पहाऱ्यावर कोण, तर कावितचेच सैनिक. तार कोणी केली यावर आजही वाद चालू आहेत, पण त्या माणसांना त्या जागी उभं कोणी केलं हे कुणी फारसं विचारत नाही.

लूना तापट होता हे खरंच, एप्रिलमध्ये अमेरिकन फौज समोर असताना एका जनरलला वठणीवर आणायला तो मोर्चा सोडून गेला आणि बागबाग नदीवरची बचावाची फळी तुटली. मे महिन्यात अमेरिकेच्या छत्राखाली स्वायत्तता घेऊन मोकळं व्हा म्हणणाऱ्या मंत्र्यांना त्याने अटक केली, तिथून तर शत्रू मंत्रिमंडळातच तयार झाले.

खुनानंतर सरकारी बाजूने सांगितलं गेलं की लूनानेच आधी पहारेकऱ्यांवर हात उचलला. लष्करी इतमामात दफन झालं, मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही, उलट लूनाचे विश्वासू अधिकारी धरले गेले, काही तर मारले गेले. नोव्हेंबरमध्ये नियमित सैन्य मोडून गनिमी काव्यावर यावं लागलं, मार्च १९०१ मध्ये आगिनाल्दो पकडले गेले. पुढे ते १९६४ पर्यंत जगले आणि हुकूम माझा नव्हता हेच सांगत राहिले. २०१५ मध्ये लूनावर सिनेमा आला तेव्हा तिथली तरुण पोरं याच प्रश्नावर नव्याने भांडायला लागली.