साळीच्या लाह्या घरी करताना

नागपंचमी आणि दिवाळी जवळ आली की दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "गेल्या वेळी छान फुटली होती, या वेळी निम्मे गणंगच, म्हणजे न फुटलेले दाणेच, कसे राहिले?" कढई तीच, हात तोच, बऱ्याचदा साळही त्याच पोत्यातली. फरक असतो तो दाण्यातल्या ओलाव्यात. त्यासाठीच हे पत्रक पाकिटासोबत देत आहोत.

साळीच्या दाण्यावर तुसाचे घट्ट आवरण असते. दाणा तापला की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तूस तिला कोंडून धरते. कुकरसारखा दाब वाढतो, तांदूळ आतल्या आत मऊ होतो आणि तूस तडकताच फुलून बाहेर येतो. यासाठी दाण्यात साधारण 13 ते 14 टक्के ओलावा हवा. त्याहून कमी असेल तर पुरेशी वाफ धरत नाही. फार जास्त असेल तर लाही ठेंगणी आणि चिवट होते. तुसाला चीर गेलेली असली तर वाफ निसटते आणि दाणा नुसता करपतो. म्हणून मळणीत मार बसलेले दाणे आम्ही आधीच निवडून काढतो.

दिवाळीच्या सुमारास मिळणारी साळ नवी, ओलसर असते. ती एक-दोन उन्हे दाखवूनच वापरा. उलट उन्हाळाभर राहिलेली साळ कोरडी पडते. अशा अर्धा किलो साळीवर दोन छोटे चमचे पाणी शिंपडा, हाताने नीट चोळा आणि झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी दाणा हाताला कोरडाच लागला पाहिजे. श्रावणात डबा उघडा राहिला तर हवेतला दमटपणा साळीत शिरतो, तेव्हा आधी चार-पाच दाणे टाकून बघा आणि मगच पाणी लावायचे की नाही ते ठरवा.

कढई लोखंडी, जाड बुडाची घ्या. नॉनस्टिक भांडे कोरडे इतके तापवू नये. धुऊन, कडकडीत वाळवून, चाळलेली बारीक वाळू किंवा जाडे मीठ दोन-अडीच वाट्या घालून मोठ्या आचेवर तापवा. टाकलेला दाणा काही क्षणांत फुटला की वाळू तयार. मग एका वेळी एकच मूठ साळ घाला. लोभाने दोन मुठी टाकल्या की वाळू निवते आणि गणंग वाढतात. सुती फडक्याच्या बोळ्याने किंवा लांब दांड्याच्या झाऱ्याने सतत हलवा. तडतड मंदावली की लगेच चाळणीत ओता. दाणे उडतात आणि तूस चटकन पेटते, त्यामुळे मुलांना लांब ठेवा आणि सांडलेले तूस शेगडीजवळ साचू देऊ नका. शेवटी लाह्या सुपात पाखडून हाताने निवडा. हे काम वेळखाऊ आहे, पण लहान मुलांना किंवा आजारी माणसाला द्यायच्या लाह्यांत एकही तूस राहता कामा नये.

चुरमुऱ्यांची रीत वेगळी. तिथे तूस नसते, म्हणून तांदूळ आधी उकडलेला लागतो. साध्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाचे चुरमुरे फुलत नाहीत. एक वाटी उकड्या तांदळाला दोन छोटे चमचे पाण्यात विरघळवलेले पाव चमचा मीठ चोळा, तासभर ठेवा, मंद आचेवर कोरडा करा आणि मग कडक तापलेल्या वाळूत मूठभर टाका. आठ-दहा सेकंदांत फुलले की चाळा. मात्र खरे सांगायचे तर भट्टीवरच्या चुरमुऱ्यांसारखे ते टपोरे होत नाहीत. भडंगासाठी हवे असतील तर विकतचेच घ्या. लाह्या मात्र घरच्याच चांगल्या: ताज्या, आणि निवडणारे हात आपले.

गार झालेल्या लाह्या लगेच घट्ट डब्यात भरा. सादळल्या तर कोरड्या कढईत मंद आचेवर परतल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. पूजेसाठी बत्तासे आमच्याकडे दिवाळीच्या आठवड्यात मिळतात.

वरीलप्रमाणे करूनही पहिल्या तीन-चार मुठींत निम्म्याहून जास्त गणंग निघाले, तर पाकिटातली उरलेली साळ परत आणा. बदलून देऊ.